वाड्यातील पाण्याची वाट : पुण्याची जुनी घरे, नळ आणि जीर्णोद्धार

जुन्या वाड्याचा जीर्णोद्धार म्हटला की लक्ष प्रथम जाते ते सुरूच्या आकाराच्या कोरीव खांबांकडे, महिरपींकडे आणि दिंडीदरवाजाकडे. परंतु पुण्यातील वाडे कशामुळे खचले याचा शोध घेतला, तर आग आणि पूर यांच्या जोडीला एक फार सावकाश काम करणारे कारण पुढे येते, आणि ते म्हणजे भिंतींत व तुळयांत वर्षानुवर्षे मुरत राहिलेले वापराचे पाणी. छपरावरून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची काळजी वाडा बांधणाऱ्यांनी घेतली होती. नळाच्या पाण्याची घेतली नव्हती, कारण घराच्या कोणत्याही मजल्यावर तोटी फिरवताच दाबाने येणारे पाणी त्यांच्या काळी अस्तित्वातच नव्हते. अठराव्या शतकातील वाड्यात पाण्याला जमिनीलगतची, उघड्यावरची, ठरलेली जागा होती; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या नळाने ती जागा हळूहळू मोडली, आणि आज अशा घरात नवी नळयोजना बसवताना जे प्रश्न उभे राहतात, ते बहुतेक सर्व या एका बदलातून निघालेले आहेत.

वाडा म्हणजे एक किंवा अधिक चौकांभोवती उभारलेले घर. घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब व तुळया यांचा सांगाडा, आणि या सांगाड्याच्या मधल्या जागेत विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, अशी त्याची सर्वसाधारण रचना असे. ही रचना समजून घेण्याआधी या घरांपर्यंत पाणी कसे पोहोचत होते हे पाहणे आवश्यक आहे, कारण शहराची पाण्याची व्यवस्था आणि घराचा आराखडा या दोन गोष्टी पेशवेकालीन पुण्यात एकमेकींना बांधलेल्या होत्या.

मुठा नदी शहराला लागून वाहत असली, तरी उन्हाळ्यात तिचे पात्र आटत असे आणि नदीपासून दूर वसत गेलेल्या पेठांना तिचा उपयोग मर्यादितच होता. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५०च्या सुमारास, शहराच्या दक्षिणेला कात्रजच्या डोंगरांच्या पायथ्याशी बांध घालून तलाव करण्यात आले आणि तेथील पाणी भूमिगत दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणण्यात आले. सुमारे आठ ते दहा किलोमीटर लांबीचा हा नळ म्हणजे आजच्या अर्थाने पाइप नव्हे. तो दगड-चुन्यात बांधलेला, वरून झाकलेला बोगदाच होता, आणि त्याचा बराचसा भाग माणसाला आत उतरून साफसफाई करता येईल इतका प्रशस्त होता. वरच्या तलावात गाळ बसावा आणि निवळ पाणी खालच्या तलावात यावे, अशी दोन तलावांची योजना होती. नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. उच्छ्वास म्हणजे नळावर उभारलेले दगडी धुराडेवजा बांधकाम; त्यातून नळात हवा खेळत राही, पाण्याच्या ओघात अडकलेली हवा बाहेर पडे, आणि दुरुस्तीसाठी आत उतरायला वाटही मिळे. एखाद्या ठिकाणी नळ तुंबला, तर लागोपाठच्या दोन उच्छ्वासांमधील पाण्याची पातळी पाहून दोष कोठे आहे हे ओळखता येत असले पाहिजे, हे या रचनेवरून सहज ध्यानात येते. आजच्या नळयोजनेत तपासणीसाठी जी चेंबरे ठेवतात, त्यांचे काम याहून फारसे निराळे नाही.

या नळातील पाणी केवळ उताराने वाहत होते. त्यामुळे ते शहरात येत असे तेही जमिनीच्या पातळीवर किंवा तिच्याखाली, आणि ते साठवण्यासाठी पेठापेठांतून हौद बांधलेले होते. काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेतील हौद, तुळशीबागेतील हौद ही त्यांपैकी काही नावे आजही पुणेकरांच्या तोंडी आहेत. सधन सरदारांच्या वाड्यांत नळाची उपशाखा नेलेली असे. शनिवारवाड्यातील सोळा पाकळ्यांचे हजारी कारंजे या व्यवस्थेचे सर्वांत डौलदार टोक होय. ते उडवण्यासाठी उंचीवर साठवलेल्या पाण्याचा दाब वापरावा लागे, म्हणजे दाबाचे तत्त्व त्या काळच्या कारागिरांना पुरते अवगत होते. ते रोजच्या घरगुती वापरासाठी वरच्या मजल्यावर पाणी चढवण्याकडे वळवले गेले नाही, ही मात्र महत्त्वाची गोष्ट आहे. कात्रजच्या मुख्य नळाशिवाय नाना फडणवीसांनी आंबेगावच्या बाजूने आणलेला आणि नाना हौदाला पाणी पुरवणारा नळ, तसेच सरदार रास्ते यांनी कोंढव्याकडून आणलेला नळ, अशी खाजगी पुढाकारातून झालेली कामेही होती. पाणी आणणे हे त्या काळी पुण्यकर्म मानले जाई, आणि हौदाला बांधणाऱ्याचे नाव चिकटून राही.

परंतु हे पुण्य सर्वांच्या वाट्याला सारखे येत नव्हते. हौदावर कोणी पाणी भरावे आणि कोणी भरू नये हे जातीने ठरत असे, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना कोणी वरून पाणी वाढेपर्यंत ताटकळत राहावे लागे. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. ही घटना समाजसुधारणेच्या इतिहासात नोंदलेली असते. ती घराच्या इतिहासातही तितक्याच ठळकपणे नोंदायला हवी, कारण खाजगी घराच्या आवारातील पाण्याचा साठा कोणाचा, हा प्रश्न तिने उंबरठ्याच्या आत आणला. हेच जोतीराव पुढे १८७६पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते.

घराच्या आत पाण्याची जागा कशी ठरलेली होती हे एखाद्या मध्यम आकाराच्या, दोन चौकी वाड्यावरून पाहता येते. पुढच्या चौकात किंवा त्याच्या कडेला हौद, मागच्या चौकात आड, म्हणजे घरापुरती खोदलेली अरुंद विहीर, आणि त्यावर रहाट. आडाच्या लगतच दगडी फरसबंदीची न्हाणी, तेथेच तांब्याचा बंब आणि घंगाळ, जवळच भांडी घासण्याची आणि धुण्याची जागा. स्वयंपाकघर मागच्या सोप्यात, जमिनीच्याच पातळीवर, आणि त्याला लागून एक लहान मोरी. चौकाची पातळी भोवतालच्या ओसऱ्यांपेक्षा हात-दीड हात खाली असे, त्यामुळे चारही बाजूंच्या छपरांचे पावसाचे पाणी, आडावर सांडलेले पाणी आणि न्हाणीचे पाणी हे सारे तेथे उतरून दगडी पन्हळीतून जोत्याखालून बोळात निघून जाई. लाकूड आणि माती यांना पाण्याचा स्पर्श होणार नाही, तो फक्त दगडाला होईल, अशी ही मांडणी होती. वरच्या मजल्यावर पाणी जात असे ते कळशीने आणि हंड्याने, बहुधा बाईच्या कमरेवरून. जितके वाहून न्यावे लागे तितकेच ते वापरले जाई. या काटकसरीमागचे कष्ट विसरून तिचे गोडवे गाणे योग्य नव्हे.

शौचाची व्यवस्था परसात, घराच्या अगदी शेवटच्या टोकाला असे. ती टोपलीच्या संडासाची होती. मैला उचलून नेण्यासाठी मागच्या बोळातून वेगळी वाट ठेवलेली असे, म्हणजे ते काम करणाऱ्या माणसाचा घराला स्पर्श होऊ नये. वाड्याच्या आराखड्यावर जातिव्यवस्था इतक्या उघडपणे दुसरीकडे कोठे काढलेली दिसत नाही. त्यामुळे जुनी रचना जशीच्या तशी जपावी असे म्हणणाऱ्याने हेही लक्षात घ्यायला हवे की तिच्यातील काही भाग जपण्याजोगा नव्हता आणि नाही.

पेशवाईनंतर पुण्याची नगरपालिका १८५७ साली स्थापन झाली. त्याआधी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून नदीवर बंधारा बांधून पाणी उचलण्याची सोय झाली होती, पण खरा पालट घडला तो कर्नल फाइफ यांच्या आराखड्यानुसार मुठेवर खडकवासल्याचे धरण उभे राहिल्यावर. १८७०च्या दशकात हे दगडी धरण आणि त्याचा उजवा कालवा झाला. या कालव्यातून शेतीला तसेच छावणीला आणि शहराला पाणी मिळू लागले, आणि स्वारगेटच्या बाजूने बिडाच्या नळांचे जाळे पेठांमध्ये पसरत गेले. बीड म्हणजे ओतीव लोखंड. बिडाच्या नळाचे एक टोक तोंडाशी रुंद केलेले असते. दुसऱ्या नळाचे साधे टोक त्यात बसवून मधल्या फटीत ताग ठासायचा आणि त्यावर वितळलेले शिसे ओतायचे, अशी जोडण्याची पद्धत होती. हे काम जाणणारे कारागीर शहरात नव्याने तयार झाले.

नव्या पाण्याला विरोधही झाला. तोटीतील वायसर कातड्याचे असे, आणि नळाला कोणाकोणाचा हात लागला असेल हे सांगता येत नसे. म्हणून सोवळ्यात चालणाऱ्या घरांनी पूजेसाठी आणि स्वयंपाकासाठी आडाचेच पाणी वापरावे आणि नळाचे पाणी धुण्याभांड्यांना वापरावे, अशी विभागणी पुष्कळ काळ चालू राहिली. या विरोधाचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की अनेक वाड्यांतील आड बुजवले गेले नाहीत आणि त्यांची निगा राखली गेली.

सुरुवातीला नळ आला तो चौकापर्यंतच. जुन्या हौदाशेजारी एक नळकोंडाळे, म्हणजे तोट्या बसवलेला कट्टा, उभा राहिला आणि घरातील पाण्याची जागा बदलली नाही. बदल झाला तो वाड्यांत बिऱ्हाडे आल्यावर. मूळ कुटुंबाची पांगापांग झाली, नोकरी-शिक्षणासाठी येणाऱ्यांची संख्या वाढली, आणि एका कुटुंबासाठी बांधलेल्या वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडे राहू लागली. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःची चूल हवी होती, आणि चुलीशेजारी मोरी. दोन खणांच्या खोलीत, खण म्हणजे दोन तुळयांमधील अंतर, एका कोपऱ्यात शहाबादी फरशीचे तुकडे बसवून, कडेला विटेचा बुटका कठडा घालून मोरी तयार होई. आधी तिच्यात पिंपाने आणलेले पाणी वापरले जाई, मग तेथपर्यंत अर्ध्या इंची लोखंडी नळ चढवला जाई.

या एका मोरीकडे जवळून पाहिले, तर वाडा कसा खचतो हे समजते. तिच्या खाली कडीपाट असतो: तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर वीतभर मातीचा थर आणि त्यावर सारवण किंवा चुन्याचा कोबा. ही सारी रचना कोरडी राहणार असे धरून केलेली आहे. फरशीच्या सांध्यांतून पाझरलेले पाणी मातीच्या थरात जाते आणि माती ते धरून ठेवते, त्यामुळे खालच्या खोलीत डाग दिसेपर्यंत फळ्या कित्येक महिने ओल्या राहिलेल्या असतात. मोरीचे पाणी बाहेर काढण्यासाठी भिंतीला भोक पाडून खापरी किंवा पत्र्याची नळी बसवलेली असते. तिच्याभोवतीचा चुना निखळला की पाणी भिंतीच्या गाभ्यात उतरते. तेथे तुळईचे टोक भिंतीत टेकलेले असते. उघड्यावरचे सागवान भिजून वाळते आणि टिकते, परंतु भिंतीच्या आत, हवा न लागता, सतत ओलसर राहिलेले टोक कुजते आणि ओलीच्या मागोमाग वाळवी येते. तुळई दिसायला धडधाकट, मधोमध ठोकली तर खणखणीत, आणि टेकलेल्या ठिकाणी मात्र भुसा, अशी स्थिती होते. पांढऱ्या मातीची भिंत ओल धरली की आपले बळ गमावते, तिच्या पायाशी लोणा लागतो, म्हणजे क्षार पृष्ठभागावर येऊन गिलावा पोपडे धरून गळतो.

यावर गेल्या साठ-सत्तर वर्षांत सर्रास केला गेलेला उपाय म्हणजे सिमेंटचा गिलावा, आणि त्याने दुखणे वाढवले. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा गिलावा ती आत कोंडतो. वरून भिंत गुळगुळीत आणि कोरडी दिसते, आतली माती मात्र ओलीच राहते, आणि ओल वर चढत चढत लाकडापर्यंत जाते.

मालकाने वेळीच दुरुस्ती का केली नाही, याचे उत्तर कायद्यात आहे. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० रोजीच्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या महागाईत भाडेकरूंना त्याने आधार दिला हे निर्विवाद आहे. पण त्या भाड्यात संपूर्ण वाड्याचा नळ बदलणे मालकाला परवडेनासे झाले, आणि जिची मालकी आपल्याकडे नाही त्या भिंतीवर भाडेकरूने किती खर्च करावा हाही प्रश्न राहिला. परिणामी प्रत्येक बिऱ्हाडाने आपापल्यापुरती नळी ओढली. एका नळाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे फाटे फुटत गेले, वापरात नसलेल्या नळ्या तशाच भिंतीत राहिल्या, आणि कोणते पाणी कोठून येते व कोठे जाते याचा एकही नकाशा कोणाजवळ उरला नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण गेले, आणि नारायण, शनिवार, कसबा या नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाडे पाण्यात उभे राहिले. मातीच्या भिंती विरघळून सांगाडे तेवढे शिल्लक राहिले असे घडले. शहराला पाणी देणारे धरणच नाहीसे झाल्यामुळे नळ कोरडे पडले आणि लोकांना जुन्या आडांची आणि हौदांची आठवण झाली. त्यानंतर ज्या जागांवर पुन्हा बांधकाम झाले ते बहुधा सिमेंट-काँक्रीटचे होते, आणि उरलेल्या वाड्यांतही संडास-न्हाणीघराचे भाग काँक्रीटमध्ये जोडण्याची पद्धत पडली.

याच सुमारास टोपलीचे संडासही जाऊ लागले. भूमिगत गटारांचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात सुरू झाले होते, पण पेठांतील अरुंद बोळांत ते पोहोचायला वेळ लागला. मुंबई राज्याने सफाई कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी नेमलेल्या बर्वे समितीने डोक्यावरून मैला वाहण्याच्या पद्धतीवर बोट ठेवले होते. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन स्वतः भंगीकाम करून सोप्या संडासांचे प्रयोग करत होते. कायद्याने कोरड्या संडासांवर बंदी येण्यास १९९३ साल उजाडावे लागले. वाड्यांत पाण्याचे संडास बसले ही घराच्या दृष्टीने अवघड आणि माणसाच्या दृष्टीने अत्यावश्यक अशी सुधारणा होती, आणि जीर्णोद्धाराचा विचार करताना या दोन्ही बाजू एकत्र धराव्या लागतात.

आजच्या जीर्णोद्धारात नळाचे काम हाती घेताना पहिली पायरी शोधाची असते. जुने लोखंडी नळ जस्ताचा मुलामा दिलेले असतात. हा मुलामा आतून झिजला की लोखंड गंजते, गंजाच्या गाठी साचून अर्ध्या इंचाच्या नळीतून पेन्सिल जाईल एवढीच वाट उरते, आणि पाण्याचा जोर कमी झाल्याची तक्रार ज्या घरात आहे तेथे दोष अनेकदा महानगरपालिकेच्या वाहिनीत नसून भिंतीतील या गाठींत असतो. अशा नळाचे आटे, म्हणजे जोडण्यासाठी पाडलेल्या चक्राकार खाचा, सूत आणि सफेदा लावून बसवलेले असत, आणि सफेद्यात शिशाचे संयुग असे. म्हणून पिण्याच्या पाण्याचा जुना नळ अर्धा ठेवून अर्धा बदलण्यापेक्षा तो पूर्ण काढणेच योग्य ठरते. दुसरा धोका पुरवठ्याच्या पद्धतीतून येतो. दिवसातून काही तासच पाणी येते तेव्हा उरलेल्या वेळी नळातला दाब शून्यावर उतरतो, आणि गटारालगत गेलेल्या गळक्या नळात बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. गावठाणातील कावीळ आणि जुलाब यांच्या साथींचे मूळ अनेकदा येथे असते. पिण्याचा नळ आणि मैल्याची वाहिनी यांच्या वाटा वेगळ्या करणे हे म्हणूनच सौंदर्याच्या सर्व विचारांच्या आधीचे काम आहे.

त्यानंतर नव्या नळांना वाट कोणती द्यायची हे ठरवावे लागते. काँक्रीटच्या घरात भिंतीला झिरी मारून नळ आत दडवतात आणि वर गिलावा करतात. वाड्याच्या भिंतीत असे करणे घातक आहे: झिरीमुळे मातीची भिंत कमकुवत होते, तुळई किंवा कडी कापली जाण्याचा संभव असतो, आणि पुढे गळती झाली तर ती दिसत नाही. नळ भिंतीबाहेर, पट्ट्यांनी धरलेले, डोळ्यांना दिसतील असे ठेवणे हाच सुज्ञ मार्ग. मागच्या चौकाच्या एखाद्या कोपऱ्यात सर्व उभे नळ एकत्र आणून त्यांना लाकडी झडपांची पेटी करता येते, आणि ती उघडून केव्हाही दुरुस्ती करता येते. उच्छ्वास बांधणाऱ्यांना हाच विचार पटला होता, की जे बिघडणार आहे तेथवर हात पोहोचला पाहिजे.

न्हाणीघर आणि संडास शक्यतो तळमजल्यावर किंवा मागच्या बाजूला, जोत्याला आणि मूळ सांगाड्याला न टेकणाऱ्या स्वतंत्र लोखंडी चौकटीवर उभारावेत. वरच्या मजल्यावर ते अटळ असतील, तर एकावर एक असे घ्यावे लागतात. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये संडासाची जागा खाली घेऊन त्या खोलगटात वाहिनी टाकता येते. कडीपाटात तशी सोय नसते. मैल्याच्या चार इंची वाहिनीला सुमारे चाळीस फुटांना एक फूट असा उतार द्यावा लागतो, आणि तो साधण्यासाठी एकतर जमीन उंच उचलावी लागते किंवा वाहिनी खालच्या खोलीच्या छताखालून न्यावी लागते. दुसरा पर्याय निवडला आणि त्यासाठी कडी कापली, तर जे वाचवायचे तेच गमावले असे होते. म्हणून संडास बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवून वाहिनी थेट बाहेर काढणे, आणि तिला छपरापर्यंत जाणारी हवानळी जोडणे, हा मार्ग पत्करला जातो. हवानळी नसेल तर वरून पाणी सोडताच खालच्या ट्रॅपमधील पाणी ओढले जाते. ट्रॅप म्हणजे नळीचा वाकडा भाग, ज्यात साधारण दोन इंच पाणी साठून दुर्गंधीला अडवते. ते पाणी गेले की गटारातील वायू घरात शिरतो.

वजनाचा विचार सर्वांत कमी केला जातो. हजार लिटर पाण्याचे वजन एक टन भरते, आणि अशी प्लास्टिकची टाकी वाड्याच्या माळ्यावर, थेट कडीपाटावर ठेवलेली आजही अनेक ठिकाणी दिसते. पेशवेकालीन सुताराने त्या कड्या धान्याच्या कणग्या आणि माणसे यांच्या भारासाठी निवडल्या होत्या, एका जागी कायम उभ्या असलेल्या एका टनासाठी नव्हे. टाकी स्वतंत्र खांबांवर परसात उभारावी, किंवा चौकाच्या कडेला जमिनीखाली टाकी करून लहान पंपाने दाब द्यावा, हे अधिक चांगले.

ज्या वाड्यात जुना आड किंवा हौद शाबूत आहे तेथे छपराचे पाणी गाळून त्यात सोडता येते. हे पाणी संडासाला, झाडांना आणि धुण्याला उपयोगी पडते, आणि नळाच्या पाण्यावरचा ताण कमी होतो. शेजारची गटारे पाझरत असतील, तर हे पाणी तपासल्याशिवाय पिण्यासाठी मुळीच वापरू नये. आड बुजवून त्यावर फरशी घालणे हा मात्र दुहेरी तोटा होय: पाण्याचा साठा जातो, आणि जोत्याखालची ओल बाहेर पडण्याची एक वाट बंद होते.

या सर्व कामांना लागणारी परवानगी आणि पैसा यांचा प्रश्न मालकीशी येऊन थांबतो. १९९९च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने वार्षिक चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली, आणि पाण्यासारखा अत्यावश्यक पुरवठा मालकाला तोडता येणार नाही ही १९४७च्या कायद्यातील तरतूद कायम ठेवली. म्हणजे नळ तोडता येत नाही, पण तो एकत्रितपणे बदलण्याची जबाबदारी आणि खर्च नेमका कोणी उचलायचा हे बहुतेक वाड्यांत ठरलेले नसते. उभ्या नळांची पेटी कोणाच्या तरी दारासमोरून जाणार, कोणाची तरी वरच्या मजल्यावरची मोरी बंद होऊन त्याला तळमजल्यावर न्हाणीघराची जागा द्यावी लागणार, आणि त्या जागेवर दुसऱ्या कोणाचा तरी हक्क असणार. म्हणून जीर्णोद्धाराच्या आराखड्यात नळांच्या नकाशाबरोबर बिऱ्हाडांचा नकाशाही काढावा लागतो, आणि पाण्याची नवी वाट कोणाकोणाच्या संमतीने कोठून जाईल याचा लेखी करार काम सुरू होण्याआधी करून घ्यावा लागतो.